पहिली दहा-बारा अक्षरं

सकाळी टँकरवाल्याला फोन लावला. पलीकडून हॅलो यायच्या आतच मी म्हणलो, "व्यंकटराव सरांकडून बोलतोय." पलीकडं नुसता इंजिनाचा आवाज. मग तो म्हणला, "कोन व्यंकटराव?" मी म्हणलो, "औरंगपुऱ्यातले, क्लासवाले. टाकीत पाणी नाही, पोरं येतील आता, जरा लवकर पाठवा." तर तो माणूस हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "आरं इंद्र्या, मी पुंजाराम. तुमच्या वरल्या गल्लीतला. आवाज वळखला मी तुझा पयल्या झटक्याला. तुह्या बापानं तुला नाव ठिवलं नव्हतं का रं?" मी पण हसलो. म्हणलो, "ठेवलंय की." "मंग ते सांग की. त्या व्यंकटरावाला म्या आयुष्यात पायलं नाय. तुला पानी देतो, त्याला नाय." आणि फोन कट.

इतकंच झालं. पण फोन खिशात टाकला तरी माझा कान गरम, कुणीतरी पिळल्यासारखा. मी क्लासच्या जिन्यात उभा होतो. खाली गल्लीत शटर वर जात होती, रिक्षावाले एकमेकांना दक्खनीत शिव्या देत होते, समोरच्या साडीच्या दुकानातला पोऱ्या अर्ध्या तांब्या पाण्यात पायरी पुसत होता. आणि मी मोजत होतो, हे कधीपासून. गॅसवाल्याकडं गेलो की, सरांकडून आलोय. झेरॉक्सवाल्याकडं, सरांचं काम आहे. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मला स्वतःला ताप होता, दात वाजत होते, तरी मी काचेत तोंड घालून म्हणलो, व्यंकटराव सरांचा माणूस आहे. आणि त्या बाईनं मान वर केली. हेच तर आहे. मान वर होते. या शहरात कुणी विचारत नाही काय काम आहे. विचारतात, कुणाकडून? शहागंजात जुनी सायकल घ्यायला गेलो तर तो म्हातारा म्हणला, किसकी तरफ से आए? सायकल घ्यायला. पैसे माझ्या हातात होते. मी एक नाव सांगितलं, त्यानं स्टूल पुढं सरकवलं. नाव नसतं तर स्टूल नसतं. मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. सगळेच करतात. पण पुंजाराम माझ्या गावचा, त्याच्यापुढं ते तोंडातून निघालं आणि एकदम माझ्याच अंगात दुसऱ्याचा शर्ट दिसला.

बाप आमचा, सांडू त्याचं नाव, साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. बाजारात, एसटीत, कुणाच्या सोयरिकीत तो उभा राहायचा तो 'कारखान्याचा सांडू' म्हणून. पाऊस गेला, ऊस गेला, त्या साली गाळपच झालं नाही, गेट बंद. तरी बाप ड्रेस घालून जायचा आणि गेटच्या बाहेर लिंबाखाली बसायचा. मला लई राग यायचा. मी म्हणायचो, आबा, आत कुणी नाही, तू कुणाला अडवतोस? तो म्हणायचा, "आडवत नाय बाबा. बसतो." आता जिन्यात उभं राहून वाटलं, मी काय वेगळं करतोय. मी पण दुसऱ्याच्या गेटवर बसलोय. फक्त माझं गेट चालू आहे.

क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवतो. म्हणजे बोर्डावर नाव व्यंकटराव सरांचं, शिकवतो मी. मेडिकलच्या एन्ट्रन्सला बसणारी पोरं. मी स्वतः बारावी सायन्स, पुढं तालुक्याला, कन्नडच्या कॉलेजात बीएस्सीचं एक वर्ष, मग सोडलं. का सोडलं ते लांबवत नाही, वर्गात झोप यायची आणि बाहेर जाग यायची. जे शिकलो ते बाहेर शिकलो. आणि सुरुवात टोमॅटोपासून झाली, हे सांगितलं की पोरं हसतात.

आई, आवडाबाई, तिनं विहिरीच्या कडेला टोमॅटो लावले होते. विहिरीत घागर बुडेल एवढंच पाणी, ते ती झाडाच्या बुडाशी तांब्यातांब्यानं घालायची. झाडं आली चांगली. मग शेंडे जांभळट पडले, वाकले, वाळले. जी फळं धरली त्यांच्यावर गोल गोल कडी उमटली, एकात एक, तापवलेली बांगडी दाबल्यासारखी. मी एक झाड उपटून पिशवीत घालून कन्नडला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. "टोस्पो आहे. उपटून टाका." मी म्हणलो, "टोस्पो म्हणजे?" तो म्हणला, "म्हणजे उपटून टाका." वाटेत नेट कॅफेत ते नाव शोधलं आणि घरी येऊन आईला म्हणलो, आई, त्याला टोस्पो म्हणतात, व्हायरस आहे, फुलकिड्यातून येतो, कोरड्या सालात जास्त. आई झाडं उपटतच होती. म्हणली, "नाव इचारून काय त्याच्याशी सोयरीक करायचीय व्हय?" आणि उपटत राहिली. तिच्या हाताला त्या पानांचा उग्र हिरवा वास. तो वास मला आत्तासुद्धा येतो, बोर्डासमोर उभं राहिलो की, मार्करच्या वासातून.

पण मी सोयरीकच केली. कॅफेत बसून, एक एक इंग्रजी शब्द फोडून. टोस्पोचा सगळा मजकूर, म्हणजे त्याचा आरएनए, एका पट्टीत नसतो, तीन तुकड्यांत असतो. फ्लूचा आठ तुकड्यांत. त्या तुकड्यांवरून पेशीसाठी संदेश लिहिणारं मशीन व्हायरस सोबतच घेऊन येतो. इथपर्यंत ठीक. पण पुढं वाचलं की मशीनला संदेश लिहायला सुरुवातच करता येत नाही. लिहिता येतं. सुरू करता येत नाही. मी कॅफेतल्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर तसाच बसलो. कारण असं की पेशीत रायबोझोम म्हणून जे वाचणारं आहे ते संदेशाच्या पुढच्या टोकाला बघतं, टोपी आहे का. पुस्तकात कॅप म्हणतात, मी टोपी म्हणतो. टोपी असली तर धरतं आणि वाचतं. टोपी नसली तर संदेश कितीही खरा असू दे, कुणी धरत नाही, टोकापासून कुरतडला जातो. आणि व्हायरसकडं टोपी शिवायचं सामानच नाही. मग तो पेशीचाच एक संदेश पकडतो. टोपी धरतो. टोपीपासून दहा-बारा अक्षरं सोडून कापतो. आणि त्या कापलेल्या टोकाला जोडून पुढं आपलं लिहायला लागतो. म्हणजे सुरुवातीची दहा-बारा अक्षरं पेशीची, पुढचं सगळं त्याचं. रायबोझोम टोपी बघतं आणि वाचतं. पुढं काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

त्या दिवशी मी कॅफेवाल्याला हे सांगितलं. तो म्हणला, वेळ संपला.

गेल्या साली शहरात स्वाईन फ्लू होता. पोरं तोंडाला रुमाल बांधून वर्गात बसायची, कुणी शिंकलं की अख्खा बाक वाकायचा. तेव्हा मी हा धडा पहिल्यांदा घेतला. सिलॅबसमध्ये एवढं नव्हतं, दोन ओळी होत्या. मी दोन दिवस घेतले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचची पोरं दारात येऊन उभी राहिली. चारुता म्हणून एक मुलगी आहे, सिडकोतून येते, प्रश्नांनी जीव काढते, ती म्हणली, "सर, हा चोर आहे की भिकारी?" मी म्हणलो, "तू काय लिहिलंस?" "मी दोन्ही लिहून खोडलंय." मला तो प्रश्न आवडला.

मग सरांनी त्या धड्याच्या नोट्स काढल्या. सरांची पद्धत अशी की कुठल्याही नोट्सच्या सुरुवातीला त्यांच्या दोन ओळी असतात. विद्यार्थी मित्रहो, तीस वर्षांच्या अनुभवातून मी आपणांस सांगू इच्छितो. एवढंच. मग खाली माझं. पहिल्यांदा मला गंमत वाटली, म्हणलो, बघा, हेच तर शिकवतोय. मी त्यांच्या टोपीवर माझं लिहितोय. माझ्या नावानं कुणी पान उलटलं नसतं. मग एकदा जेवताना वाटलं, नाही, उलटं आहे. धड माझं आणि त्यांनी वर डोकं चिकटवलंय. दोन्ही बाजूंनी चित्र एकच दिसतं. म्हणून मला हे असं जुळवायचा कंटाळा येतो. मी व्हायरस नाही. व्हायरसला आई नसते, भूक नसते, त्याला कुणी पोह्याची प्लेट अर्धी करून देत नाही. तीन वर्षांपूर्वी सरांनी मला राहायला जागा दिली, क्लासच्याच मागची खोली. हे मी विसरलो नाही. त्यांनीही कधी विसरू दिलं नाही.

परवा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सर माणूस वाईट नाही. आवाज कधी चढत नाही. पंख्याखाली बसून शर्टाची कॉलर मागं सारतात आणि बोलतात. "अरे इंद्रजीत, आता व्हिडिओचा जमाना येतोय. आपण लेक्चर रेकॉर्ड करणार. जालना, बीड, कन्नड, सगळीकडं जाईल. तुमच्या गावात बसून पोरं बघतील, राजा." मला आनंद झाला. खोटं कशाला, छातीत काहीतरी उडालं. मग ते म्हणले, "सुरुवात त्या व्हायरसवाल्या धड्यानं करू. शंतनू बोलेल." शंतनू त्यांचा पुतण्या. पुण्यात एमएस्सी केलं, आता इथं आलाय. मी म्हणलो, "धडा माझा आहे, सर." "अरे, धडा तुझाच. तूच लिहून दे, तूच बोर्ड काढून दे. पण स्क्रीनवर खाली पट्टी येते ना. नाव, डिग्री. तुझ्या नावाखाली काय टाकू? सांग, मी टाकतो." ते खरंच वाट बघत होते. पंखा फिरत होता. मी म्हणलो, "नुसतं नाव टाका." ते हसले, वाईट नाही हसले, लहान मूल बोलल्यावर हसतात तसं. "नुसत्या नावाला कोण बघतं रे."

तेव्हा उठून यायला पाहिजे होतं. मी लिहून दिलं. अख्खं. कुठं थांबायचं, कुठं पोरांकडं बघायचं, कुठं मार्कर बदलायचा, सगळं. हे का केलं ते मला पुंजारामच्या फोनपर्यंत नीट कळलं नव्हतं. मला वाटत होतं, धडा तरी जाईल ना लोकांत. कुणाच्या का तोंडातून. आपलं लिहिलेलं वाचलं गेल्याशी मतलब. जिन्यात उभं राहून हे वाक्य मी परत मनात म्हणून बघितलं आणि ते मला लिंबाखाली ड्रेस घालून बसलेलं दिसलं.

त्याच दुपारी रेकॉर्डिंग चिकलठाण्यात होतं, सरांनी नव्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतलाय तिथं. शंतनू मला घ्यायला आला. त्याच्या गाडीवर मागं बसलो, बोर्ड पुसायचं कापड मांडीवर. जालना रोडला दुपारची वाफ. दोन्ही बाजूंना बिल्डिंगी उठतायत, सिमेंटचे सापळे, त्यांच्यावर बायकांची चित्रं, निळा स्विमिंग पूल, खाली लिहिलंय स्वप्नातलं घर. आणि त्याच बोर्डाच्या सावलीत रंगीत घागरींची रांग. बांधकामावर पाणी मारत होते पाइपनं, भिंत भिजत होती. रांगेतल्या बाया भिंतीकडं बघत होत्या. मला त्या भिजलेल्या सिमेंटचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, चिंच बघितल्यावर सुटतं तसं. शंतनू मान मागं करून म्हणला, "तू चिडलायस."

"नाही."

"चिडलायस. मी असतो तर चिडलो असतो." गाडी खड्ड्यात आपटली. "मी काकांना म्हणालो, इंद्रजीतच बोलू दे. ते म्हणाले, मग तुझी डिग्री काय लोणच्याला घालू का?"

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. शंतनूवर चिडता येत नाही हीच अडचण आहे. त्याला येतं. चांगलं येतं. गेल्या महिन्यात त्यानंच मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, तू फ्लूचं कापणं न्यूक्लियसच्या बाहेर दाखवतोस. तुझा टोमॅटोवाला बाहेर कापतो. फ्लूवाला आत, जिथं नव्या टोप्या तयार होतात तिथंच जाऊन बसतो." मी दोन दिवस वाचत बसलो, त्याला खोटं पाडायला. तो खरा होता. मी आधी टोमॅटोचं शिकलो, तेच फ्लूला लावलं होतं. पोरांना सांगितलं, चुकलं होतं, पान खोडा. म्हणजे अज्ञानी तो नाही. तो चोर नाही. सरही चोर नाहीत. कुणाच्याच हातात सुरी नाही आणि कापलं मात्र गेलंय. कुठं धरायचं याला?

फ्लॅटमध्ये हॉल मोकळा, पांढऱ्या भिंती, नव्या रंगाचा वास डोळ्यात जाणारा. आठ-दहा पोरं सतरंजीवर बसवली होती, वर्ग वाटावा म्हणून. चारुता पुढंच. सर प्लास्टिकच्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या जरा मागं. मी कॅमेऱ्याजवळ उभा. माझं काम बटण दाबायचं आणि बोट वर करायचं. मी बोट वर केलं. लाल दिवा लागला. शंतनू म्हणला, "विद्यार्थी मित्रहो, व्यंकटराव सरांच्या मार्गदर्शनाखाली आपण आज एक वेगळा विषय बघणार आहोत."

मग माझी वाक्यं सुरू झाली.

हे कसं असतं सांगता येत नाही. आपला आवाज टेपवर ऐकला की परका वाटतो, इथं उलट, आवाज परका आणि आतला श्वास माझा. मी जिथं थांबतो तिथं तो थांबला. 'रायबोझोमला पुढं काय लिहिलंय याच्याशी घेणंदेणं नाही' म्हणला, पोरं हसली, जिथं हसतात तिथंच. तापवलेल्या बांगडीचंही मी लिहून दिलं होतं. तो म्हणला, "फळावर तापवलेली बांगडी दाबल्यासारखी कडी." स्वच्छ, पुणेरी उच्चारात. आणि मला आईचा हात दिसला, कोपरापर्यंत हिरवा, वाकलेला. तो हात त्यानं कधी बघितला नव्हता. त्याच्या तोंडात ती बांगडी नुसती बांगडी होती. मी कॅमेऱ्याच्या काचेत बघत होतो, त्यात तो एवढासा दिसत होता आणि बोर्डावरची अक्षरं माझी.

चारुतानं हात वर केला. लिहून दिलेल्यात प्रश्न नव्हता. "सर, एक सांगा. टोपी कापून नेल्यावर तो मागं राहिलेला मेसेज, पेशीचा, त्याचं काय होतं?" विचारलं शंतनूला, पण बघत होती माझ्याकडं. शंतनूही माझ्याकडं बघायला लागला. त्याला उत्तर येत होतं, मला माहितीय. तो म्हणला, "तो नष्ट होतो. टोपी नसल्यामुळं." बरोबर आहे. पुस्तकी बरोबर. चारुता म्हणली, "म्हणजे त्यात काय लिहिलं होतं ते कुणालाच कळत नाही?"

मी बोट खाली केलं. बटण दाबलं. लाल दिवा गेला.

"काय झालं?" सर म्हणले.

"मी बोलतो," मी म्हणलो.

आवाज मोठा नव्हता. पण मोकळ्या हॉलमध्ये तो भिंतीला लागून परत आला, जरा दुसऱ्याच माणसाचा होऊन. सरांनी कॉलर मागं सारली. मला वाटलं, आता म्हणतील, सामान घे आणि नीघ. खोली गेली, क्लास गेला, परत कन्नडची एसटी, परत तो लिंब. हे सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मला भीती वाटली, खरी. पण ते रागावले नाहीत. ते त्याहून वाईट वागले, समजूतदार झाले. "बरं. बोल. लेकरू चिडलंय," ते पोरांकडं बघून म्हणले, पोरं हसली नाहीत. "धडा तुझा, तूच घे, मला आनंद आहे. फक्त सुरुवात कर तशी. विद्यार्थी मित्रहो, व्यंकटराव सरांच्या मार्गदर्शनाखाली. एवढं म्हण, पुढं तुझं काय ते चालू दे. खाली पट्टीत शंतनूचं नाव राहू दे, त्याच्याखाली तुझं टाकू बारीक. झालं समाधान?"

शंतनूनं मार्कर माझ्या हातात दिला. त्याच्या हाताचा घाम मार्करला होता. तो कॅमेऱ्यामागं गेला, मी बोर्डापुढं. जागा बदलली, बस. लाल दिवा लागला.

आणि मला समजलं की मला पाहिजे ते मिळालंय. हेच तर मागत होतो. धडा माझा, तोंड माझं, आवाज माझा, आणि वर फक्त दहा-बारा अक्षरं दुसऱ्याची. एवढ्यानं काय बिघडतं. व्हायरसचं काय बिघडतं? त्याचा मजकूर पुरा जातो. उलट तोच जिंकतो. खालचा ओठ दाताला लागलेला होता 'वि' म्हणायला. विद्यार्थी मित्रहो. सकाळपासून, नाही, तीन वर्षांपासून तो तसाच लागलेला होता. आणि तेव्हाच मला ते आठवलं जे मी वर्गात कधी सांगत नाही, परीक्षेला नसतं म्हणून. हाच व्हायरस पेशीसाठी संदेश लिहायला दुसऱ्याची टोपी घेतो, पण स्वतःची नक्कल काढायला घेत नाही. तिथं तो पहिल्या अक्षरापासून स्वतः सुरू करतो. तेच मशीन. म्हणजे सुरू करता येत नाही हे खरं नव्हतंच. येतं. दुसऱ्यानं वाचावं म्हणून तेवढं येत नाही. मी पण एकटा असताना कुणाकडून विचार करत नाही. टोमॅटोची झाडं उपटली तेव्हा मी कुणाच्या मार्गदर्शनाखाली नव्हतो. कॅफेत नव्हतो. आणि पोलिओच्या जातीचे व्हायरस तर आणखी निराळे, त्यांना टोपीच नसते. वाचणाऱ्याला ते टोकाशी उभंच करत नाहीत, सरळ आत, मधेच उतरवून घेतात. टोपी नसली की वाचत नाही असं रायबोझोमनं कुणाला लिहून दिलेलं नाही. आपणच दिलंय.

माझं नाव सांगायचं? ते पण मनात आलं. मी इंद्रजीत सांडू. छाती काढून. पण नको वाटलं. तेही टोकाशीच उभं राहणं. ते म्हणजे परत दारात उभं राहून बेल वाजवणं, फक्त दुसऱ्या नावानं. माझ्या नावात एवढं काय ठेवलंय की त्यानं धडा सुरू व्हावा? धडा आहे. त्याच्या मधे मी आहे. तिथनं सुरू करतो.

"इंद्रजीत, चालू आहे कॅमेरा," सर म्हणले. "म्हण."

मी बोर्ड पुसला. शंतनूनं काढलेलं, म्हणजे मीच काढून दिलेलं. मग बरोबर मधोमध मार्कर टेकवला आणि तिथनं उजवीकडं एक आडवी रेघ मारली. "इथं कापतो," मी म्हणलो.

चारुता म्हणली, "कुठं, सर?"

"इथं. डावीकडं काय आहे ते आत्ता काढू नका. आधी काप बघा."

"सुरुवात राहिली," सर म्हणले. अजून आवाज चढला नव्हता.

"आपल्याला वाटतं पहिल्यांदा टोपी समजली पाहिजे, मग बाकीचं," मी पोरांना म्हणलो. माझा आवाज गावाकडचा व्हायला लागला होता, मला ऐकू येत होतं, मी तो सावरला नाही. "तसं काय नाय. ही मागं राहिलेली पट्टी बघा. चारुतानं विचारलं तिचं काय होतं. तिच्यात एक अख्खं प्रोटीन लिहिलेलं होतं. कशाचं ते कापणाऱ्याला माहीत नाय. त्यानं वाचलंच नाय. त्यानं फक्त पुढची दहा-बारा अक्षरं घेतली. पेशीतली वाचायची जागा तेवढीच हाय, तिथं आता त्याचं चाललंय आणि हिचं पडून राहिलंय. म्हणून माणूस नुसत्या फ्लूनं असा आडवा होतो, हे पण एक कारण हाय."

"शंतनू, बंद कर ते," सर म्हणले.

मी तिकडं बघितलं नाही. पण कॅमेऱ्यामागं कुणी हललं नाही हे कळलं. मग शंतनूचा आवाज आला, लई हळू, "काका, पोरं लिहितायत." आणि खरंच लिहीत होती. पेनांचा तो आवाज मला ओळखू येतो, दहा-पंधरा किडे कोरड्या पानावर चालल्यासारखा. मान खाली घालून लिहीत होती. वर बघायची कुणाला गरज वाटत नव्हती, मी कोण, कुणाचा, काय शिकलेला. एक पोरगं तर रुमालानं घाम पुसत लिहीत होतं आणि वहीवर वाकलं होतं असं की त्याला फक्त माझा आवाज येत असणार.

खुर्ची सरकली. प्लास्टिकचे पाय नव्या फरशीवर ओरखडले. सर उठले. मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होतो आणि बोलत होतो. आता खोली जाणार. जाऊ दे. हा धडा जालन्याला जाणार नाही, बीडला नाही, कन्नडला नाही, कदाचित या हॉलच्या बाहेर कुठंच नाही. शब्द थांबत नव्हते. आता थांबवायला सुरुवातच नव्हती त्यांना, कुठं धरणार.

"मशीनचे तीन भाग," मी म्हणलो. "नावं नंतर देतो. कामं लिहा. पहिला भाग टोपी धरून ठेवतो."

सर कॅमेऱ्यापाशी पोचले. शंतनू बाजूला झाला नाही, मग झाला.

"दुसरा कापतो."

लाल दिवा गेला. सर वळून माझ्याकडं बघत उभे राहिले, हात अजून बटणावर. मी रेघेच्या कापलेल्या टोकावर मार्कर टेकवला. पोरांची पेनं तशीच धरलेली होती, टोक कागदाला लावून, पुढच्या शब्दाची वाट बघत.

"आणि तिसरा," मी म्हणलो, "लिहायला लागतो."